मीटरच्या हिशेबात नर्मदा : नंदुरबार ते बडवाणी

शनिवार : नंदुरबार, शहादा

नंदुरबार स्टेशनातून बाहेर पडलं की आधी ठसका लागतो. होळी आठवड्यावर आली होती, तरी गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या पुरत्या उठल्या नव्हत्या. लालेलाल मैदानात तोंडाला ओढण्या बांधून बाया देठं खुडत बसल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी वरच्या डोंगरातल्या, असं रिक्षावाल्याने सांगितलं. डोंगर म्हणजे सातपुडा आणि त्यातले अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके. आम्हाला तिकडेच जायचं होतं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची जी 33 गावं गेली, ती सगळी या दोन तालुक्यांतली.

शहाद्याला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई. तापीची काळी जमीन. याच सपाटीवर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना यांनी भिल्ल सालदारांना, जमिनी हातच्या गेलेल्या कुटुंबांना उभं केलं होतं. नर्मदेचं आंदोलन 1985 नंतर एकाएकी आकाशातून पडलं असं आपल्याकडे समजतात. पण मोर्चा कसा काढायचा, तहसीलदाराच्या टेबलावर अर्ज देऊन पोच कशी मागायची, हे खालच्या सपाटीवर दहा-पंधरा वर्षं आधीच घोटून झालं होतं.

मुक्काम मास्तरांकडे. मास्तर निवृत्त शिक्षक, नव्वदच्या दशकात नदीकाठच्या शाळांवर नोकरी केलेले, पावरी ही डोंगरातली आदिवासी बोली उत्तम बोलणारे. ते बरोबर येणार म्हणूनच हा बेत जमला. रात्री ओट्यावर त्यांनी सगळी बाराखडी पुन्हा म्हणून दाखवली. 1961 ला नेहरूंनी पायाभरणी केली. पाणी कोणाचं यावर राज्यं भांडली म्हणून 1969 ला लवाद बसला, 1979 ला निवाडा आला. 2.8 कोटी एकर-फूट पाण्यातलं महाराष्ट्राच्या वाट्याला आलं 2.5 लाख एकर-फूट, म्हणजे 10.89 टीएमसी. वीज मात्र 27 टक्के. "आणि 33 गावं," मास्तर म्हणाले, "ती वाटणीच्या कागदात शेवटी शेवटी येतात."

पण त्या कागदातच एक चांगली गोष्टही होती. ज्याची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाते, त्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. आणि हे सारं पाणी चढायच्या आधी. मेधा पाटकर 1985 ला या भागात फिरू लागल्या तेव्हा गावांचा पहिला प्रश्न "धरण नको" हा नव्हताच. आमचं किती जाणार, कधी जाणार, जमीन कुठे देणार, एवढंच लोक विचारत होते. त्यासाठी इकडे नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. तीन वर्षं विचारूनही नीट उत्तर मिळालं नाही, तेव्हा ऑगस्ट 1988 मध्ये गावांनी धरणालाच विरोध जाहीर केला. हा क्रम ध्यानात न घेता आंदोलनाला "विकासविरोधी" म्हणणं सोपं जातं.

रविवार : तळोदा, सोमावल

तळोदा तालुक्यातली सोमावल ही पुनर्वसन वसाहत. सरळ आखलेले रस्ते, ठरावीक मापाचे प्लॉट, पाण्याची टाकी, शाळा. डोंगरातल्या पाड्यावर एक घर इथे तर दुसरं हाकेच्या अंतरावर, मधे शेत. इथे भिंतीला भिंत. तरी लोकांनी पुढे कुडाचा सोपा काढून, शेळ्या बांधून, अंगणात शेवगा लावून घराला आपलं वळण दिलं आहे.

एका आजोबांकडे बसलो. अक्कलकुव्याच्या काठावरचं गाव सोडून ते नव्वदच्या दशकात इथे आले. मास्तरांनी विषय काढताच त्यांनी नातवाला हाक मारली आणि खाटेखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढायला लावली. पेटीत खताची पिशवी, पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये कागद. सातबारा, सर्व्हेची पावती, भूसंपादनाची नोटीस, प्लॉटचा ताबा दिल्याची चिठ्ठी, चार वेगवेगळ्या वर्षांचे अर्ज आणि प्रत्येकावर आवक-जावकचा निळा शिक्का. आजोबांना वाचता येत नाही. पण कोणता कागद कशाचा, हे ते घडीवरून ओळखत होते. नातू वाचे, आजोबा "हां, तो बाजूला ठेव" म्हणत.

अडलं होतं ते धाकट्या मुलाचं नाव. मोठ्याला जमीन मिळाली. धाकटा ठरवलेल्या तारखेला अठरा वर्षांचा नव्हता असं कार्यालयाचं म्हणणं, आणि होता असं घरच्यांचं. जन्माचा दाखला कुठून आणणार? त्या काळात पाड्यावर शाळा नव्हती, दवाखाना नव्हता.

"दुष्काळ पडला तेव्हा तो गुरं वळत होता," आजोबा म्हणाले.

"बाहत्तरचा?" मास्तरांनी विचारलं.

"तोच. दुसरा कुठला?"

बाहत्तरला गुरं वळणारा पोरगा निदान सहा-सात वर्षांचा असणार. हिशेब सरळ आहे. पण दुष्काळाचा दाखला कोणत्या रकान्यात लिहायचा? सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरा, असं लवादाने एका ओळीत लिहिलं. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन सज्ञान अविवाहित मुलींनाही एक हेक्टर द्यायचं ठरवलं, ही खरोखर चांगली गोष्ट. पण त्या ओळीपासून या पेटीपर्यंत येताना वर्षांमागून वर्षं गेली, आणि ती भरून काढली ती गावोगाव वही घेऊन बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी.

गंमत म्हणजे सुरुवातीला हीच मोजणी लोकांना नको होती. मोजणीला हो म्हटलं म्हणजे उठायला हो म्हटलं, असा साधा हिशेब. 1993 च्या नोव्हेंबरात चिंचखेडीत सर्व्हेच्या पथकाबरोबर पोलीस आले, गावकऱ्यांनी अडवलं, गोळीबार झाला आणि रेहमल वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. पुढे आठ वर्षांनी, 2001 मध्ये, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली आणि त्यानंतर शासन व गावकरी एकत्र बसून पुन्हा याद्या झाल्या. तेव्हा यादीत नाव यावं म्हणून तेच लोक रांगेत होते. मला यात विसंगती दिसत नाही. कोण मोजतो आणि कशासाठी, यावर सगळं आहे.

आजींचं म्हणणं वेगळंच होतं. जमीन मिळाली, कापूस होतो, वीज आहे, मुलगा मोटारसायकलवर तळोद्याला जातो. मग काय कमी आहे? "सरपण विकत. मासे विकत. मोह दुसऱ्याचा." शिवाय जी जमीन यांना दिली ती तळोद्याच्या जंगलातली, आणि त्यातल्या काही तुकड्यांवर आधीपासून दुसरे आदिवासी नांगर धरून होते. सरकारने एका गरिबाची अडचण दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन ठेवली. त्या भांडणांची धग अजून गेलेली नाही, हे बोलताना कळतं.

सोमवार : चांदसैली घाट, धडगाव

घाट अरुंद आणि वळणांचा, पावसाळ्यात दरडींमुळे बदनाम. आम्ही गेलो तेव्हा पळस पेटलेला होता आणि मोहाखाली पहाटेच झाडून ठेवलेलं दिसत होतं. धडगावात भोंगऱ्या बाजाराची गडबड होती. ढोल, चांदीचे दागिने, फुगे, जिलेबीच्या कढया. काठी गावच्या होळीला चला, म्हणून निदान पाच जणांनी आग्रह केला. त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे नको.

चहाच्या टपरीवर चार परिक्रमावासी भेटले, त्यातले दोघे कोल्हापूरकडचे. नर्मदा परिक्रमेवर मराठीत एवढं लिहिलं जातं की शूलपाणीची झाडी आणि तिथे यात्रेकरूंना लुटणारे मामा लोक घराघरात ठाऊक झालेत. त्या लिखाणातला मामा क्वचितच नाव घेऊन येतो. त्याचं शेत कुठे गेलं हे तर कोणी विचारतच नाही. झाडीतली जुनी काठची वाट पाण्याखाली गेली म्हणून तर आताची वाट वर, धडगावावरून जाते. कोल्हापूरकरांना मी हे सांगितलं. त्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले, "शूलपाणेश्वराचं मूळ देऊळ बुडालं हे माहीत होतं, गावांचं एवढं नव्हतं." ते देऊळ मणिबेलीचं. महाराष्ट्राच्या बाजूने पाणी पहिल्यांदा शिरलं तेही मणिबेलीतच.

मणिबेलीला या वेळी जाता आलं नाही. पण या टोकाच्या गावाचं नाव कुठवर पोचलं ते सांगायलाच हवं. जागतिक बँकेने 1985 मध्ये या प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. डिसेंबर 1990 मध्ये मध्य प्रदेशातल्या बडवाणीच्या राजघाटावरून हजारो लोक चालत निघाले, गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवले गेले, आणि तिथे मेधाताईंसह काही जणांनी बावीस दिवसांचं उपोषण केलं. त्यानंतर बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. मोर्स समितीचा अहवाल 1992 ला आला, त्यात पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीवर ताशेरे होते. मार्च 1993 मध्ये उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं गेलं. बँकेच्या इतिहासात असं क्वचित घडलं होतं. पुढच्या वर्षी जगभरातल्या 44 देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये म्हणून जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. मुंबईत बसून मणिबेली कुठे आहे हे सांगता येणारे तेव्हा किती होते, देव जाणे.

मंगळवार : भूषा, निमगव्हाण, डोमखेडी

धडगावहून जीपने भूषा. रस्ता उतरत उतरत जातो आणि एका वळणावर खाली एकदम पाणी दिसतं. नदी म्हणवत नाही. डोंगरांच्या पायांत शिरलेलं, हिरवट, जराही न हलणारं पाणी. भूगोलाच्या पुस्तकात होतं, नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून 54 किलोमीटर वाहते. आता तिथे वाहणं उरलेलं नाही.

घाटाला होड्या लागलेल्या. आमची डिझेल इंजिनाची, त्यात आम्ही दोघं, बाजारातून परतणाऱ्या सहा-सात बाया, दोन कोंबड्या, एक पत्र्याची पेटी आणि सिमेंटच्या दोन गोण्या. होडी चालवणारा पोरगा विशीतला. पाणी उतरलेलं असल्याने जागोजाग वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांच्या मधून तो न बघितल्यासारखा वळणं घेत होता. मी विचारलं, "झाडं कशी ठाऊक?" तो म्हणाला, "ती आमच्या मामाच्या शेतातली आहेत."

काठावर गाळाचा काळा पट्टा. पाणी जसं खाली सरकतं तसं लोक मागोमाग हरभरा, गहू, भाजी पेरतात. गाळपेर. पाणी कधी पुन्हा चढेल याची खात्री नसते, पण जमीन सुपीक. आपल्याच बुडालेल्या शेतावर ओलीच्या भरवशावर पेरणी करायची. कागदोपत्री ती जमीन आता सरोवराची.

लोक इथे साल सांगत नाहीत, मीटर सांगतात. "ऐंशीला खालचं शेत गेलं." "नव्वदला घर." "एकशे दहाला दुसरं घर." "एकशे बावीसला आम्ही वर माळावर आलो." धरणाची भिंत ज्या टप्प्यांनी वाढली तेच इथलं पंचांग. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये काम थांबवलं तेव्हा भिंत 80 मीटरवर होती. 1999 मध्ये परवानगी मिळून ती 85 आणि वर आणखी थोडी गेली. 18 ऑक्टोबर 2000 ला धरणाच्या बाजूने निकाल लागला, दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती भरुचा वेगळं मत देऊन बाजूला राहिले. त्यानंतर 2006 पर्यंत 121.92, आणि 2017 मध्ये दरवाज्यांसह 138.68 मीटरचं उद्घाटन. 2019 च्या सप्टेंबरात सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं. जगातल्या मोठ्या धरणांचा हिशेब मांडण्यासाठी नेमलेल्या जागतिक आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2000 मध्ये आला. मेधाताई त्या आयोगाच्या सदस्य होत्या. आधी लोकांशी बोला, मग भिंत बांधा, असा त्याचा एकूण सूर. आपला निकाल त्याच्या महिनाभर आधी लागून गेला होता.

निमगव्हाणला जीवनशाळा आहे. अशा शाळा आंदोलनाने 1991-92 पासून काढल्या, कारण सरकारी शाळा कागदावर होत्या आणि गुरुजी तालुक्याच्या गावी. पहिल्या शाळांपैकी एक इथली, एक चिमलखेडीची. पोरं पावरीत सुरू करतात, मग मराठी. आम्ही पोचलो तेव्हा गणिताचा तास चालू होता. फळ्यावर लिहिलं होतं: "एका होडीत 12 माणसे बसतात. 50 माणसांना किती होड्या लागतील?" एका मुलीने उत्तर दिलं, "चार." शिक्षक म्हणाले, "आणि उरलेली दोन?" ती म्हणाली, "ती पण बसतात, चौथ्यात." होड्यांतून प्रवास केलेल्या कोणालाही हे उत्तर पटेल. शिक्षक स्वतः अशाच शाळेत शिकलेले. त्यांनी हसून फळ्यावर पाच लिहिलं आणि मुलीला म्हणाले, "परीक्षेत हे लिही."

डोमखेडीला उतरलो तो पूर्ण उतार. सत्याग्रहाची झोपडी जिथे होती ती जागा पाण्याखाली, होडीवाल्याने हात करून दाखवली. समोर पलीकडे मध्य प्रदेशातलं जलसिंधी. 1999 च्या पावसाळ्यात लोक इथे पाण्यात उभे राहिले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं तरी हटले नाहीत. शेवटी पोलिसांनी उचलून नेलं. "डुबेंगे पर हटेंगे नहीं" ही घोषणा शहरात ऐकताना नाटकी वाटते, हे मी मान्य करतो. इथे उतारावर उभं राहून पाण्याकडे पाहताना तशी वाटत नाही.

त्या रात्री जिथे राहिलो त्या घरातल्या बाई तेव्हा पाण्यात होत्या. भाकरी थापता थापता सांगत होत्या. भीती वाटली का, विचारलं. "पायाखाली चिखल सरकत होता, त्याची वाटली. पोलिसांची नाही." मग म्हणाल्या, "मेधाताई उंचीने लहान, त्यांना आमच्या आधी लागलं असतं." आणि खदखदून हसल्या. एवढं सांगून त्यांनी विषय वळवला तो तरंगत्या दवाखान्यावर. बोटीवरचा सरकारी दवाखाना येतो तो दिवस आणि सुनेचं बाळंतपण जुळेल का, याची त्यांना काळजी. माझ्या डोक्यात 1999, त्यांच्या डोक्यात पुढचा महिना.

पुण्याच्या माणसाला इथे मुळशी आठवल्यावाचून राहत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केलं. मुळशीचं धरणही झालंच. आज आपण तिथे पावसाळ्यात कणीस खायला जातो. शंभर वर्षांनी भूषाला रिसॉर्ट होतील का, या प्रश्नावर मास्तरांनी उत्तर दिलं नाही, कारण तशी पाटी त्यांनी धडगावात आधीच पाहिली होती.

बुधवार : बिलगाव

बिलगाव उदई नदीवर. इथला बाराधारी धबधबा हल्ली समाजमाध्यमांवर प्रसिद्ध आहे, फाल्गुनात तो बारीक होतो. आम्ही वेगळ्या कारणाने गेलो. विरोध करणाऱ्यांना नेहमी विचारतात, मग पर्याय काय? बिलगावने 2003 मध्ये एक उत्तर उभं केलं होतं. केरळहून आलेल्या इंजिनिअर मंडळींनी आखणी केली, गावाने श्रमदान केलं, छोटा बांध घालून, पाणी वळवून, 15 किलोवॅटचं जनित्र बसवलं. पाड्यांवर आणि शाळेत दिवे लागले. एका घराला किती बल्ब, दळण कोणत्या वेळी, बिघाड झाला तर कोण बघणार, सगळं गावसभेत ठरायचं.

2006 मध्ये भिंत वाढली आणि त्या पावसाळ्यात हा प्रकल्प पाण्याखाली गेला. मोठ्या विजेने छोटी वीज बुडवली. यावर लिहिणारे इथे थांबून उसासा टाकतात. पण गावातल्या एका माणसाने, जो तेव्हा जनित्राजवळ रात्रपाळी करायचा, तांत्रिक कटकटीच जास्त सांगितल्या. पाला अडकायचा, उन्हाळ्यात पाणी कमी पडायचं, पट्टा घसरायचा. "पण दुरुस्त आम्हीच करायचो. आता लाइन गेली की फोन लावतो आणि बसतो." तीन वर्षांचा अनुभव म्हणून हा मला जास्त खरा वाटतो. 15 किलोवॅटने महाराष्ट्र चालला नसता, हे कोणालाही कळतं. बारा पाड्यांना महाराष्ट्र चालवायचा नव्हता.

गुरुवार : शहादा, खेतिया, बडवाणी

मास्तर शहाद्याला उतरले. पुढे खेतिया, पानसेमल, निवाळी. खेतियाला हद्द ओलांडली की चहा गोड होतो आणि पोह्यांवर शेव येते. बाकी डोंगर तोच, माणसं तीच, कापसाच्या गाड्या त्याच. बडवाणीला पोचायला संध्याकाळ झाली. लॉजच्या गच्चीवर झोप लागली.

शुक्रवार : राजघाट, कसरावद, चिखलदा

मध्य प्रदेशातलं हे निमाड म्हणजे दुसरं जग. महाराष्ट्राच्या काठावर उतार, डोंगर, पाडे. इथे सपाट, गाळाची, दोन पिकांची जमीन, मोठाली गावं, बाजारपेठ, देवळं, मशिदी. या काठावरचे पाटीदार शेतकरी आणि डोंगरातले भिल्ल एकाच संघटनेत तीस-चाळीस वर्षं टिकले, ही गोष्ट मला उपोषणांहून अधिक अवघड वाटते.

राजघाटावर जुना पूल आहे. इथली धोक्याची पातळी 123.28 मीटर. पूर्ण भरलेलं सरोवर 138.68. म्हणजे पूर्वी ज्या खुणेला पाणी टेकलं की गावात धावपळ व्हायची, तिच्यावर पंधरा मीटर पाणी आता नियमाने येतं. घाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या अस्थींची समाधी होती. 2017 च्या जुलैत ती रात्रीतून उचलून वर नेली गेली. माणसांच्या आधी समाधीचं पुनर्वसन झालं, असं इथे तिरकसपणे म्हणतात.

जवळच कसरावद. बाबा आमटे 1990 मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी राहायला आले ते इथे, आणि साधारण दशकभर राहिले. पाठीचं दुखणं असं की बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर झोपायचं. मराठी माणूस बाबांना आनंदवनापुरता ओळखतो. निमाडातले म्हातारे मात्र "बाबाजी" म्हणून असं बोलतात की जणू ते त्यांच्याच गावचे.

दुपारी पलीकडे धार जिल्ह्यातल्या चिखलद्याला गेलो. भिंती उभ्या, छपरं गेलेली. ज्यांना जमीन मिळायची ती मध्य प्रदेशात बहुतेकांना मिळालीच नाही. रोख पैसे दिले, त्या पैशांनी जमीन घेतल्याचे खोटे खरेदीखत दलालांनी केले, त्यावर झा आयोग बसला, चौकशी वर्षानुवर्षं चालली. फेब्रुवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 681 कुटुंबांना प्रत्येकी 60 लाख आणि फसवल्या गेलेल्या 1,358 कुटुंबांना 15 लाख देण्याचा आदेश दिला, आणि त्याच आदेशात 31 जुलैपर्यंत गाव सोडा असंही सांगितलं. आंदोलन हरलं असं म्हणणाऱ्यांनी या आकड्यांकडे बघावं. भिंत थांबली नाही, हे खरं. पण हे पैसे, महाराष्ट्रातली ती जमीन, सोमावलच्या पेटीतले शिक्के, यातलं काहीही कोणी आपण होऊन दिलेलं नाही.

परतताना बडवाणीतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. विषय बॅकवॉटर. धरणापाशी पाणी 138.68 ला सपाट असतं, पण पूर आला की वरच्या अंगाला ते फुगवट्याने चढत जातं. किती चढतं याचं गणित आधी एक होतं, नंतर नवं केलं गेलं आणि त्यानुसार 15,946 कुटुंबं बुडितातून बाहेर काढली गेली. कागदावर. मग सप्टेंबर 2023 मध्ये वरच्या इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर धरणांतून पाणी सुटलं, खाली सरदार सरोवर भरलेलं, आणि दोन दिवसांत पाणी त्या "बाहेरच्या" घरांत शिरलं.

माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने मोबाइल काढला. त्याच्याच ओसरीचं चित्रण, पाण्यावर तरंगणारी खाट, मागे कोणीतरी ओरडतंय, "ट्रॅक्टर निकालो, ट्रॅक्टर!" वर तारीख आणि वेळ. मग त्याने यादीची झेरॉक्स दाखवली, नावापुढे शेरा: डूब से बाहर. "कलेक्टर साब को दोनों दिखाए," तो म्हणाला. "साब बोले, वीडियो पेनड्राइव में दो."

मला लिहिता येतं म्हटल्यावर लगेच कामाला लावलं. रकाने आखून दिले: नाव, सर्व्हे नंबर, घराच्या जोत्याची उंची, पाणी कुठवर आलं, पंचनामा झाला की नाही, फोटो आहे की नाही. जोत्याची उंची घ्यायला दोन पोरं पारदर्शक नळी आणि टेप घेऊन गावात गेली होती आणि फोनवरून आकडे सांगत होती. एका घराच्या उंचीवरून वाद झाला, पोरांना परत पाठवलं, सव्वा फुटाचा फरक निघाला. ज्यांचं घर होतं त्या बाईंनी सांगितलेला आकडा बरोबर ठरला.

संध्याकाळची खेतियाची गाडी त्यात निघून गेली. शेवटी जुलवानिया फाट्यापर्यंत एका दुधाच्या गाडीतून गेलो आणि इंदूरहून येणारी पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली. जाणाऱ्यांनी आधी फोन करून सीट सांगून ठेवावी, तिथे ती दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.